कशानं गेला?

ज्या घरात माणूस गेलं आहे त्या घरी जायचं आणि ते कशानं गेलं हे विचारायचं, हे कित्येक वर्षं माझं काम होतं. सह्याद्रीच्या पायथ्याशी, भातपट्ट्यात आमचा तालुका. तिथल्या काही गावांत एका संशोधन संस्थेचा प्रकल्प चालू होता. मी एमएसडब्ल्यू झाले होते, नोकरी हवी होती, आणि ही गावं माझ्या माहेरापासून लांब नव्हती. लागले. पदाचं नाव क्षेत्र-अन्वेषक. लोक मात्र 'सर्वेवाली ताई' म्हणत.

प्रत्येक घराच्या चौकटीवर आम्ही ऑइलपेंटनं क्रमांक टाकलेला असे. दर सहा महिन्यांनी त्या घरात कोण जन्मलं, कोण लग्न होऊन आलं, कोण कामासाठी पुण्या-मुंबईला गेलं आणि कोण वारलं, हे लिहून घ्यायचं. वारल्याची नोंद आली की तेरावं-चौदावं उरकेपर्यंत थांबायचं आणि मग जवळच्या माणसाशी बसून 'मयताचा फॉर्म' भरायचा. संशोधनाच्या भाषेत ही व्हर्बल ऑटॉप्सी. शेवटच्या दिवसांत माणसाला काय काय झालं, ते घरच्यांकडून ऐकायचं, आणि त्यावरून दोन डॉक्टर, एकमेकांना न विचारता, मृत्यूचं कारण ठरवतात.

हे असं का करावं लागतं, ते शहरातल्या लोकांना चटकन पटत नाही. माणूस गेलं की डॉक्टर दाखला देतो, त्यावर कारण असतंच की, असं त्यांना वाटतं. पण आपल्या देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी साधारण पाचातल्या एकाचंच कारण डॉक्टरनं प्रमाणित केलेलं असतं. बाकीची माणसं घरी जातात, जीपमध्ये जातात, तालुक्याच्या वाटेवर जातात. ग्रामपंचायतीच्या नोंदीत त्यांच्यापुढे 'वृद्धापकाळ', 'ताप', 'हार्टफेल' असं काहीतरी पडतं, नाहीतर रकाना रिकामाच राहतो. क्षयावर किती खर्च करायचा, मलेरियावर किती, कुठल्या आरोग्य केंद्रात कुठली लस ठेवायची, हे ज्या आकड्यांवरून ठरतं ते बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांतून आलेले असतात. आणि आमच्या भागातला माणूस मोठ्या हॉस्पिटलपर्यंत पोचत नाही, हीच तर मूळ अडचण आहे. आरोग्य-संशोधनाची आपल्याकडची स्थिती कशी आहे असं कुणी मला विचारलं, तर मी इथूनच सांगायला सुरुवात करते. माणसं कशानं मरतात, हे अजून आपल्याला नीटसं माहीत नाही.

एका घरची हकीकत सांगते.

ऐन भातलावणीत गेलेल्या एका मुलाच्या घरी मी श्रावणात गेले. अकरावीला होता. गावात सगळे म्हणत, पोटात दुखून गेला. उपकेंद्राच्या वहीत पोटदुखी आणि उलट्या लिहिलं होतं. त्याची आई पडवीत बसली होती, चुलती पाणी घेऊन आली. मी संमतीपत्र वाचून दाखवलं. आईनं शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, कागदावर उठवला आणि पदराला पुसला. मग फॉर्म सुरू झाला. ताप होता का? नाही. खोकला? नाही. अंगावर सूज? नाही. कावीळ? नाही. साप, विंचू किंवा दुसरं काही चावलं होतं का? नाही, म्हणाली. चावलं असतं तर कळलं नसतं का आम्हाला?

फॉर्मच्या शेवटी अर्धं पान मोकळं असायचं. तिथं घरच्यांच्या तोंडची हकीकत जशीच्या तशी, त्यांच्याच भाषेत उतरवायची. मी म्हटलं, "मावशी, आता तुम्हीच सांगा. आदल्या दिवसापासून."

"दिवसभर लावणीला होता. रात्री जेवला चांगला. माजघरात आम्ही सगळीच खाली झोपतो, वाकळ टाकून. पहाटं उठला आन् म्हनला, आई, पोटात कळ येतीया. ओवा दिला. मग म्हनला, घसा दुखतोय, थुंकी गिळना झालीय. मग डोळं मिटायला लागलं त्याचं. मी म्हनलं, झोप झाली न्हाई तुझी, पड जरा. तर म्हनतो, आई, झोप न्हाई, डोळंच उघडंनात."

आणि तिनं आपल्या दोन बोटांनी स्वतःची पापणी वर उचलून धरली. "असं धरून बघत होता माझ्याकडं."

जीप मिळेपर्यंत सात वाजले. घाटाच्या अलीकडेच तो गेला.

मी ते सगळं लिहून घेतलं, पापणीसकट. उठताना धाकट्या भावाला विचारलं, घरात किंवा आसपास जनावर दिसलं होतं का कधी? तो म्हणाला, दोन दिवसांनी कणगीमागं मारलं होतं एक. काळं, पांढऱ्या कड्यांचं. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल हे त्या घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मी तेही लिहिलं.

काळा, पांढऱ्या कड्यांचा साप म्हणजे मण्यार. तो चावतो तो बहुतेक रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दात इतके बारीक की खूण शोधून सापडत नाही. सूज येत नाही, आग होत नाही, कित्येकदा झोपमोडही होत नाही. विष नसांवर काम करतं. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या पडतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास घेणारे स्नायू थांबतात. अशा वेळी कुणी सतत श्वास देत राहिलं आणि लस मिळाली तर माणूस वाचू शकतो. पण आधी हा साप चावल्याचा प्रकार आहे, हे कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं.

फॉर्म वाचणाऱ्या एका डॉक्टरनं 'कारण अनिश्चित' लिहिलं, दुसऱ्यानं 'सर्पदंश'. मतभेद झाला की तिसरे, वरिष्ठ डॉक्टर बघतात. त्यांनी हकीकत वाचून सर्पदंश कायम केला. फॉर्मवरच्या प्रश्नाचं सरळ उत्तर 'नाही' असं होतं. कारण निघालं ते त्या मोकळ्या अर्ध्या पानातून. म्हणून पुढे टॅबलेट आले, संगणकच लक्षणांवरून कारण सुचवू लागला आणि हकीकतीचा रकाना ऐच्छिक करू या, वेळ वाचेल, असं बैठकीत ठरायला लागलं, तेव्हा आम्ही फील्डवाल्या मुलींनी एकजुटीनं विरोध केला. रकाना राहिला. माझ्या नोकरीतलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम तेच आहे.

असेच फॉर्म देशभर भरले गेले होते. भारताच्या महानिबंधक कार्यालयानं नमुना नोंदणीतल्या घरांत मृत्यूंची अशी विचारपूस केली आणि त्यातून 'मिलियन डेथ स्टडी' नावाचा मोठा अभ्यास उभा राहिला. त्यातला सर्पदंशावरचा भाग २०११ साली प्रसिद्ध झाला. वर्षाला सुमारे ४६ हजार माणसं देशात साप चावून मरतात, असा त्यातला अंदाज होता. त्याच काळात सरकारी हॉस्पिटलांच्या आकडेवारीत हा आकडा दीड हजारांच्या आत दिसत होता. ४६ हजारांतले ९७ टक्के मृत्यू खेड्यांतले, जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांत जास्त, आणि सर्वाधिक १५ ते २९ या वयातले. ७७ टक्के माणसं दवाखान्याबाहेरच गेली होती. पुढे २०२० साली त्याच संशोधकांनी आणखी माहिती जोडून हा अंदाज वर्षाला ५८ हजारांपर्यंत नेला.

या आकड्यांनी फरक पडला, हे मी मनापासून सांगते. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात ठरलं. त्याच वर्षी राज्यांना सांगण्यात आलं की सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. अभ्यास छापून आल्यापासून आराखडा येईपर्यंत तेरा वर्षं गेली. वर्षाला पन्नास हजारांच्या हिशेबानं त्या तेरा वर्षांत किती माणसं गेली, ते वाचकांनीच मनाशी मांडावं.

त्या मुलाच्या घरच्यांना मात्र आमच्या फॉर्मचा काही उपयोग झाला नाही. शेतकरी कुटुंबातलं माणूस सर्पदंशानं गेलं तर राज्य सरकारच्या अपघात योजनेत दोन लाख रुपयांची मदत मिळते. पण त्यासाठी शवविच्छेदन लागतं, पंचनामा लागतो. पोटदुखीनं गेलेल्या पोराचं शवविच्छेदन कोण करतो? संशोधनासाठी तो सर्पदंश होता, तलाठ्याच्या लेखी नव्हता. दोन्ही कागद एकाच घरातून निघालेले.

या प्रकल्पात राहून मला जी गोष्ट सगळ्यांत जास्त खुपली ती पैशाची चणचण नव्हती, जरी चणचण होतीच. आपला देश संशोधनावर, सगळ्या विषयांचं मिळून, राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्काही खर्च करत नाही. २०२४-२५च्या अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयाला सुमारे ९० हजार कोटी होते, त्यातले आरोग्य संशोधन विभागाच्या वाट्याला तीन हजार कोटींच्या आसपास. त्यामुळे आमच्यासारखे प्रकल्प चालतात ते बरेचसे बाहेरच्या निधीवर, आणि निधी ज्याचा, प्रश्न त्याचा. १९९० साली एका आंतरराष्ट्रीय आयोगानं सांगितलं होतं की जगातल्या आजारांचं नव्वद टक्क्यांहून जास्त ओझं ज्या गरीब देशांवर आहे, त्यांच्या प्रश्नांवर आरोग्य-संशोधनातले दहा टक्केसुद्धा पैसे खर्च होत नाहीत. आमच्याकडे एका वर्षी मोबाइलवरच्या संदेशांनी लोकांच्या सवयी कशा बदलतात यावरचा अभ्यास आला. चांगला अभ्यास होता. पण ज्या पाड्यावर आम्ही तो करत होतो तिथल्या बायका प्रत्येक भेटीत मला विहिरीच्या पाण्याबद्दल विचारायच्या. कुणाला मुतखडे, कुणाला सतत जुलाब. त्यांचा प्रश्न कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नव्हता. मी तो डायरीत लिहायची आणि सुपरवायझरना द्यायची. ते म्हणत, ताई, याला बजेट-हेड नाही.

मला खुपलं ते हे. आजार जिथं आहे तिथल्या माणसाला प्रश्न विचारायची मुभा आपल्या व्यवस्थेत नाही, आणि उत्तर निघालं तर ते त्याच्यापर्यंत परत येत नाही.

पहिल्या भागाबद्दल आधी बोलते. आमच्या प्रकल्पाच्या गावांत एमडीचे विद्यार्थी प्रबंधासाठी येत. एक मुलगा मला चांगला आठवतो. विषय त्याला गाइडनं दिलेला, त्याआधीच्या बॅचच्या कुणीतरी केलेल्याच धर्तीवरचा. गावं बदलली, प्रश्नावली तीच. हा पोरगा हुशार होता आणि कामाला वाघ. आरोग्य केंद्रात बसून त्यानं पाहिलं की सर्पदंशाची लस फ्रिजमध्ये आहे, तारीख उलटलेली नाही, तरी प्रत्येक रुग्ण जिल्ह्याला पाठवला जातो. का? केंद्रातल्या तरुण डॉक्टरशी बोलल्यावर कळलं, लस देताना एखाद्याला जोराची रिअ‍ॅक्शन येते, ती सांभाळायला दुसरं कुणी हाताशी नाही, श्वास द्यायची अंबू बॅग फाटलेली, आणि काही बरंवाईट झालं तर गाव अंगावर येईल. या एका 'का'वर त्याला अभ्यास करायचा होता. आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांत जाऊन बघू, म्हणाला. कॉलेजात त्याला सांगण्यात आलं, पदवी पूर्ण कर, ही समाजसेवा नंतर. त्यानं दिलेला विषय पुरा केला. प्रबंध मरून रंगाच्या रेक्झिनमध्ये बांधला गेला, सोनेरी अक्षरं पडली, ग्रंथालयाच्या कपाटात गेला. मुलगा आता एका शहरात विमा कंपनीच्या कामात आहे.

हे एका कॉलेजचं दुखणं असतं तर मी लिहिलं नसतं. डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक अभ्यास छापला. देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्था-महाविद्यालयांचं दहा वर्षांचं संशोधन त्यांनी तपासलं. ३३२ ठिकाणांहून, म्हणजे निम्म्याहून जास्त ठिकाणांहून, दहा वर्षांत एकही शोधनिबंध निघालेला नव्हता. आणि देशातल्या एकूण निबंधांपैकी चाळीस टक्के अवघ्या पंचवीस संस्थांचे. दर वर्षी हजारो प्रबंध लिहिले जातात, ते लिहिणारा प्रत्येक विद्यार्थी रुग्णांच्या अंगाला हात लावून माहिती गोळा करतो, आणि ती सारी मेहनत कपाटात जाते. रुग्णांचा सगळ्यांत मोठा लोंढा ज्या सरकारी कॉलेजांत येतो, तिथंच प्रश्न विचारायची सवय लागत नाही, हे फार मोठं नुकसान आहे.

आणि ते अटळ नाही, हे आपल्याच महाराष्ट्रात दिसलेलं आहे. आमचे जुने सुपरवायझर महाडकडचे. त्यांच्या लहानपणी लाल विंचू चावला की घरचे अर्धी आशा सोडत. घाम, थंड पडलेले हातपाय, तोंडाला फेस, आणि धडधाकट माणूस संपायचा. १९७०च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नोकरीला आले. त्यांनी रात्र रात्र रुग्णांजवळ बसून नाडी, रक्तदाब, हृदयाचे ठोके लिहून ठेवले, आणि त्या नोंदींवरचा त्यांचा निबंध १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी विंचूदंशावर वापरली. जिथं दाखल झालेल्यांपैकी तीस-चाळीस टक्के दगावत, तिथं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. कुठलीही मोठी प्रयोगशाळा तिथं नव्हती. एक डॉक्टर होता, त्याची वही होती, आणि समोर तोच तोच मृत्यू पाहून पडलेला प्रश्न होता. सुपरवायझरांचा मोठा भाऊ त्या गोळीनं वाचला, असं ते सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा.

गडचिरोलीतही तेच. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि जेमतेम आठ टक्क्यांची त्याआधी कधी तपासणी झाली होती. १९८९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये आलं, तोपर्यंत सरकारी कार्यक्रमांच्या लेखी खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच होतं. त्यानंतर दहा वर्षांनी त्यांच्याच 'सर्च' संस्थेनं दाखवून दिलं की गावातलीच शिकवून तयार केलेली बाई घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेऊ शकते आणि त्यानं नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी होतात. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन येते, त्याच्या मागे तो अभ्यास आहे. महाराष्ट्राबाहेर बघायचं तर मद्रासला १९५०च्या दशकात झालेल्या अभ्यासानं क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्ये ठेवायची गरज नाही हे जगाला शिकवलं, आणि १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याचे रुग्ण जगवले. गरीब देशात, गरीब देशाच्या प्रश्नावर केलेलं संशोधन श्रीमंतांच्याही उपयोगी पडतं.

आता दुसरा भाग, उत्तर परत येण्याचा. यावर मला राग आहे, आणि तो मी लपवत नाही.

गावातले लोक आम्हाला माहिती देतात ती संस्थेकडे बघून देत नाहीत, आमच्याकडे बघून देतात. पावसात स्कूटी चिखलात रुतली की तेच ढकलतात. 'ताई, चहा घे, मग विचार काय ते,' म्हणतात. ज्या बाईनं आपलं पोर गेल्याचं महिन्याभरानं पुन्हा सगळं उगाळून सांगितलं, तिला त्या बदल्यात काहीच मिळत नाही. संमतीपत्रात तसं लिहिलेलंच असतं: 'तुम्हाला थेट लाभ होणार नाही, पण समाजाला होईल.' हे वाक्य वाचताना मला दर वेळी पुढच्या माणसाच्या नजरेला नजर देणं अवघड जायचं. लोक विचारायचे, आता विचारून काय उपयोग? मी म्हणायची, पुढचं पोर वाचेल. मग ते वाक्य खरं करायची जबाबदारी कुणाची?

अविश्वास का वाढतो, तेही समजून घ्यायला हवं. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात खम्मम आणि गुजरातेत वडोदरा इथं मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प २०१० साली थांबवावा लागला. त्यादरम्यान काही मुली दगावल्या होत्या; त्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण कित्येक मुलींच्या संमतीच्या कागदांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या, हे उघड झालं. लस चांगली, कागद कच्चा. त्याचा फटका पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना बसला. आमच्या एका वस्तीवरही 'सुई टोचायला आलात का' म्हणून आम्हाला दारातून परत पाठवलं गेलं होतं, आमच्या पिशवीत सुई नसतानाही.

शेवटी संस्थेतल्या एका डॉक्टरबाईंनी आमची बाजू उचलून धरली आणि आम्ही गावागावांत निष्कर्ष सांगायला निघालो. मारुतीच्या देवळात सभा. तक्ते नाहीत, इंग्रजी नाही. पाच वर्षांत आपल्या गावांतली माणसं कशाकशानं गेली, त्यांतले किती मृत्यू टळले असते, हे सरळ मराठीत सांगायचं. सापाचा विषय निघाला तेव्हा सभा एकदम गप्प झाली. पापण्या पडणं म्हणजे काय, पहाटेची पोटदुखी म्हणजे काय असू शकतं, हे ऐकताना बायका एकमेकींकडे बघत होत्या. प्रत्येकीला कुणी ना कुणी आठवत होतं. मग एक निवृत्त गुरुजी उभे राहिले. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?" बाईंनी खरं ते सांगितलं. तीन वर्षांपूर्वी. "मग आम्हाला आज का सांगता?"

कारण निबंध छापून येईपर्यंत निष्कर्ष बाहेर सांगायचे नाहीत, असा दंडक होता. निबंध तपासला जात होता, दुरुस्त होऊन परत जात होता, आणि त्या दोन-तीन पावसाळ्यांत लोक जमिनीवर वाकळ टाकून झोपत होते. गुरुजींना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, खाली बसले.

त्या सभेनंतर गोष्टी हलल्या. ग्रामपंचायतीनं आरोग्य केंद्राला ठराव पाठवला, नवीन अंबू बॅग आली, तिथल्या डॉक्टरला आणि सिस्टरना जिल्ह्याला प्रशिक्षणाला पाठवलं. लोकांनी खाटा केल्या. ज्यांना परवडत नव्हत्या त्यांनी मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचायला सुरुवात केली. त्यानं मण्यारही बऱ्यापैकी अडतो. पुढच्याच पावसाळ्यात पहाटे पोट दुखलं म्हणून एका माणसाला आशाताईनं थेट केंद्रात नेलं. लस मिळाली, श्वास द्यावा लागला, तो जगला. लशीचंही सगळं आलबेल नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर ती चालते, पण विषाचा गुण प्रदेशागणिक बदलतो आणि सगळीकडे ती सारखी लागू पडत नाही, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं आहे. यावर आणखी काम हवं, आणि ते इथल्या सापांवर, इथंच व्हायला हवं.

आमचा प्रकल्प निधी संपल्यावर थांबला. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर असलेल्या आम्ही सगळ्या पांगलो. एक जण एलआयसीचं काम करते, एक अंगणवाडीत लागली, एकीनं शिवणकाम सुरू केलं. कुठल्या घरात कोण कसं बोलतं, कुणाला काय विचारू नये, कुठल्या उत्तरात खरं कारण दडलेलं असतं, हे ज्यांना कळत होतं त्या मुली गेल्या. नवीन प्रकल्प येईल तेव्हा नव्या मुली नव्यानं शिकतील. चौकटींवरचे आमचे आकडे पावसानं पुसट झाले असतील. निबंधांत आमचा उल्लेख आभारात, 'क्षेत्रीय कर्मचारी' एवढा. त्याचं मला दुःख नाही. माणसं टिकवल्याशिवाय या देशात आरोग्याचं संशोधन टिकणार नाही, एवढं मात्र मला पक्कं कळलेलं आहे. मशिनं विकत मिळतात, दहा वर्षांचा विश्वास विकत मिळत नाही.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत, आणि त्या मी जिथं बोलायला मिळेल तिथं करते. आरोग्य केंद्रात बसणाऱ्या डॉक्टरला, सिस्टरला, आशाताईला पडलेला प्रश्न तपासून बघण्यासाठी थोडा वेळ आणि थोडे पैसे द्या. आणि प्रत्येक प्रकल्पाच्या खर्चात गावात परत जाऊन निष्कर्ष सांगण्याची तरतूद सुरुवातीलाच धरा. आयसीएमआरच्या २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये निष्कर्ष समाजापर्यंत पोचवावेत असं म्हटलेलंच आहे. ते पाळलं गेलं की नाही, हे निधी देणाऱ्यानं विचारलं पाहिजे.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या दारात कुणी अशा अभ्यासासाठी आलं, तर वेळ काढा, खरं सांगा, आणि तुमच्या शब्दांत सविस्तर सांगा. संमतीपत्राची एक प्रत मागून घ्या, ती मिळण्याचा तुमचा हक्क आहे. तिच्यावर प्रकल्पाच्या प्रमुखांचा आणि एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. समोरच्या ताईला विचारा, निष्कर्ष सांगायला परत कधी येणार? ती सांगेल तो महिना त्याच कागदावर लिहून ठेवा, आणि तो महिना उलटून गेला की त्या नंबरावर फोन करा.